धावपट्टीवर थेंबही पडला नव्हता

माझी शेवटची पोस्टिंग पॅसिफिकमधल्या एका बेटावर झाली. बेट अमेरिकेचं, नकाशावर शाईचा ठिपका पडावा एवढं. त्याचं नाव आणि युनिटचा नंबर लिहीत नाही. अमेरिकन हवाई दलात माझा हुद्दा टेक्निकल सार्जंट, काम हवामानाचा अंदाज. उडण्याआधी वैमानिक आमच्या डेस्कपाशी येतात, आज काय होणार असं विचारतात, आणि आम्ही सांगतो.

निवृत्तीनंतर मी अमेरिकेतच, बॉथेल गावी आलो. इथे महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलक जेवणाला 'मिलिटरीतले जोग काका' अशी माझी ओळख करून देतात. पुढचा प्रश्न ठरलेला. "काका, बंदूक चालवलीत?" मी म्हणतो, नाही, बलून सोडले. की समोरच्याचा चेहरा पडतो आणि तो भजी आणायला जातो. एकदा मात्र एक गृहस्थ गेले नाहीत. पुण्याचे, मोठ्या कंपनीत डायरेक्टर, हातात श्रीखंडाची वाटी. म्हणाले, "तिकडे ते हेलिकॉप्टर पडलं होतं ना? एक मराठी मुलगी होती म्हणे त्यात. वेदरवाली. तिचंच फोरकास्ट चुकलं आणि तीच गेली. सॅड यार." आणि चमचा चाटला.

हे वाक्य खोटं आहे. ते कुठून निघालं हे मला ठाऊक आहे, कुणी सोडलं हेही ठाऊक आहे. म्हणून लिहितोय.

ती स्टाफ सार्जंट मीरा आगाशे. जन्म ॲन आर्बरचा. तिकडच्या थंडीत वाढलेली पोर, बेटावर आली तेव्हा पहिला आठवडाभर नुसती घामानं निथळत होती. आडनाव वाचून मी मराठीत विचारलं, "कुठली गं तू?" ती म्हणाली, "मिशिगन." मग नीट बघून, "ओह! तुम्ही मराठी? मग मी तुम्हाला सर म्हणू की काका?" मी म्हटलं, ड्यूटीवर सार्जंट जोग. तिनं पहिले दोन दिवस ते पाळलं आणि मग काका सुरू केलं. तिचं मराठी घरातलं होतं. 'मी तो चार्ट बघितली' असं बोलायची. हवा मात्र तिला बरोबर कळायची.

आता हवेबद्दल थोडं सांगतो. पावसाळ्यात त्या बेटावर रोज पाऊस पडतो. वारा पूर्वेचा. बेटाच्या मधोमध डोंगराची रांग. आमची धावपट्टी पूर्वेला, त्यामुळे सकाळी आमच्याकडे सरी यायच्या आणि डोंगरापलीकडे, पश्चिमेला, समुद्र स्वच्छ असायचा. त्या समुद्रात हेलिकॉप्टरनं दहा-बारा मिनिटांवर एक छोटं बेट आहे. मधल्या पट्ट्याला आम्ही नुसतं 'चॅनल' म्हणायचो. दिवस एकासारखा एक. आणि याच एकसारखेपणानं आमच्या डेस्कची माती केली होती.

आमच्यात अंदाज चुकला की त्याला 'बस्ट' म्हणतात. ऑफिसात एक पांढरा बोर्ड होता, बस्ट बोर्ड. ज्याचा अंदाज बस्ट झाला त्याचं नाव बोर्डावर चढायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांसाठी डोनट्स आणायचे. प्रथा जुनी, खेळीमेळीची. पण माणसं डोनट्सचा खर्च आणि बोर्डावरची शोभा टाळायला काय काय करतात हे बघितलं की हसावं की रडावं कळत नाही. सार्जंट केटलर नावाचा एक महाभाग होता. तो आदल्या दिवशीचा अंदाज उघडायचा, तारीख बदलायचा आणि सेव्ह करायचा. 'आसपास तुरळक सरी.' पावसाळ्यातल्या बेटावर हे वाक्य चुकेल कसं? आसपास कुठेतरी सर असतेच. वैमानिकाला त्यातून काय कळतं? काही नाही. पण केटलरचं नाव बोर्डावर कधी चढलं नाही आणि त्याच्या छातीवर उत्कृष्ट फोरकास्टरचं पदक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती ही.

मीरा मूठ उघडायची. 'पाऊस दोन ते चार, धावपट्टीवर, ढग आठशे फुटांवर.' असं लिहिलं की चुकायला जागा होते. दोनचा पाऊस पाचला आला, बस्ट. धावपट्टीऐवजी गेटवर पडला, बस्ट. कारण बरोबर की चूक हे ठरवायचं एकच माप होतं, धावपट्टीच्या कडेचं पर्जन्यमापक. त्यात पाणी पडलं तर पाऊस पडला. बाकी बेट बुडालं तरी हिशेबात नाही. हा नियम कुठल्या शहाण्यानं केला विचारू नका. तो भरपूर पावसाच्या गावात राहिलेला नव्हता एवढं नक्की.

त्यामुळे डोनट्स बहुतेक मीराच आणायची. हसत आणायची. केटलर त्यातले दोन उचलायचा आणि म्हणायचा, "थँक्स, आगाशी." त्याला नाव कधी नीट घेता आलं नाही, आणि यायला पाहिजे असं त्याला वाटलंही नाही.

मी तिला एकदा म्हटलं, "जरा मोघम लिहीत जा. सगळे लिहितात."

"काका, मोघम म्हणजे?"

"व्हेग."

"मग पायलटनं काय करायचं? मोघम उडायचं?"

वैमानिक मात्र विचारायचे, "आगाशे ड्यूटीवर कधी आहे?" कॅप्टन हॉलिस तर तिची शिफ्ट बघून आपली उड्डाणं लावायचा. तिच्यावर हसणाऱ्यांत एकही उडणारा नव्हता.

आमचे कर्नल व्हिटली. हेही उडणारे नव्हते, आता नव्हते. गुडघ्यामुळे खुर्चीत आले आणि खुर्ची त्यांना फारच मानवली. एसी ऑफिस, खिडकीला पडदे, आणि उंटावरून शेळ्या हाकायचं काम. हवामान ते स्वतःच्या फोनवर बघायचे. ब्रीफिंगमध्ये आम्ही चार्ट दाखवत असताना मध्येच फोन वर करून म्हणायचे, "इथे तर सूर्य दाखवतंय." एका बेटासाठी एक चिमुकला पिवळा सूर्य. त्या सूर्यावर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा माझ्या अख्ख्या डेस्कवर नव्हता.

त्या सप्टेंबरात छोट्या बेटावर ऑटोमॅटिक वेदर स्टेशन बसलं. एक खांब, त्यावर फिरणारी वाटी, एक पेटी. चांगलं यंत्र. मीरानं मागणी लावून लावून मिळवलं होतं, कारण चॅनलची हवा कळायला आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. खांबाचं उद्घाटन करायचं असं कर्नलसाहेबांच्या मनात आलं. मेनलँडवरून एक पाहुणे येणार होते. रिबन, पोडियम, केक. खांबाला केक! केकवर यंत्राचं चित्र काढून घेतलं होतं.

दोन हेलिकॉप्टर ठरली. पहिलं, हेरन वन, सामान आणि मीराला घेऊन जाणार. यंत्र पाहुण्यांना समजावून सांगायचं काम तिचं. दुसरं, हेरन टू, कर्नल आणि पाहुण्यांना घेऊन मागून निघणार. हेरन वनवर वैमानिक कॅप्टन हॉलिस आणि लेफ्टनंट ब्रूक, क्रू चीफ सार्जंट ओकाम्पो. निघायची वेळ सकाळी दहा.

त्या दिवशी सकाळचा बलून मी आणि मीरानं मिळून सोडला. रोज तो वर चढला की पश्चिमेला, डोंगरावरून जायचा. त्या दिवशी चढला, थोडा घुटमळला आणि पूर्वेला, उघड्या समुद्राकडे निघाला. मीरा डोळ्यांवर हात धरून बघत राहिली.

"वारा फिरला," मी म्हटलं.

"पूर्ण उलटा. काका, आज डोंगराच्या दोन बाजू स्वॅप होणार. आपण कोरडे राहू आणि चॅनल भरणार."

आत जाऊन तिनं सॅटेलाइट बघितलं. पश्चिमेला ढगांची एक फळी उभी होती. तिनं हिशेब केला, मी तपासला. चॅनलमध्ये अकरानंतर. इशाऱ्याच्या फॉर्मवर मात्र चॅनलसाठी वेगळी जागा नव्हती. 'स्थानिक क्षेत्र' अशी एकच चौकट. धावपट्टी, चॅनल, सगळं त्यात. तिनं वादळी पावसाचा इशारा लावला, अकरापासून. मी सही केली.

ब्रीफिंगला कर्नल आले. मीरा उभी राहिली.

"सर, दहाला निघालात तर हेरन वन जाऊन येईल. अकरानंतर नो-गो. दोन्हींसाठी."

कर्नलनी फोन वर केला. सूर्य. "सार्जंट, या आठवड्यात डोनट्स कुणी आणले?"

"मी, सर."

"गेल्या आठवड्यात?"

"मी, सर."

खोलीत हशा पिकला. कर्नल केटलरकडे वळले. "तुझं काय मत?"

"आसपास तुरळक सरी, सर."

"हे मला कळतं," कर्नल म्हणाले.

हॉलिस हसला नव्हता. तो म्हणाला, "आपण दहाला निघू, अकराच्या आत परत. आगाशेच्या अंदाजात बसतंय." मी म्हटलं, "सर, इशारा माझ्या सहीचा आहे." कर्नल म्हणाले, "नोंद घेतली." नोंद कुठे घेतली ते देवाला ठाऊक.

दहाला हेरन वन निघालं नाही. केक आला नव्हता. बेकरीतून निघायला उशीर झाला, मग गेटवर पास नव्हता. चार माणसं हेल्मेट घालून एका केकसाठी उन्हात बसून राहिली. हो, उन्हात. आमच्याकडे लख्ख ऊन होतं. अकराला मीरा उतरून ऑपरेशन्समध्ये आली. मी तिच्या मागे गेलो.

"सर, वेळ संपली. आता नको."

कर्नलनी खिडकीचा पडदा बाजूला केला आणि बाहेर बोट दाखवलं. "सार्जंट, मला ढग दाखव."

"डोंगरापलीकडे आहेत, सर. इथून दिसणार नाहीत."

"तू स्वतः जातेयस ना? मग रस्ता दाखव त्यांना. दॅट्स ॲन ऑर्डर."

बाहेर येताना मी म्हटलं, "हॉलिसला सांगतो मी. त्याला नकार देता येतो." तिनंच त्याला सांगितलं, माझ्यासमोर. तो म्हणाला, "चॅनलच्या तोंडापर्यंत जाऊ. खराब दिसलं तर परत." पाहुण्यांसमोर कर्नलना नाही म्हणणं त्यालाही सोपं नव्हतं. त्याच्यावर माझा राग नाही. माझा सगळा राग मी एका पत्त्यावर राखून ठेवला आहे.

केक आला. ओकाम्पोनं तो मांडीवर घेतला.

मीरा मला म्हणाली, "काका, डेस्क सोडू नका. मी वरून सांगते काय दिसतंय ते."

"नीट जा."

"आणि मी चुकले ना, तर उद्या डोनट्स आणते. चॉकलेटवाले तुमचे."

मी डेस्कवर बसलो. रेडिओवर वैमानिक आमच्या डेस्कला 'मेट्रो' म्हणतात. डोंगर ओलांडेपर्यंत शांतता होती. मग मीराचा आवाज आला. रेडिओ हॉलिसनं तिला दिला असणार. त्याचे हात कामात होते.

"मेट्रो, हेरन वन. पायलट रिपोर्ट."

"हेरन वन, मेट्रो. बोला."

"चॅनलवर आहोत. फळी अपेक्षेपेक्षा वेगानं आली, मागूनही बंद झालं. सीलिंग तीनशे फूट, ढग खाली येतायत. व्हिजिबिलिटी अर्ध्या मैलाच्या आत. हेव्ही रेन. हेरन टूला जमिनीवर ठेवा. रिपीट, हेरन टूला उडू देऊ नका."

"कॉपी. हेरन टू होल्ड."

"परत फिरतोय."

मी दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर हेरन टूला थांबवलं. पंखे फिरत होते, पाहुणे पट्टे बांधून बसले होते. कर्नलचा आवाज आला. "मेट्रो, काय प्रॉब्लेम आहे? इथे तर ऊन पडलंय."

मी म्हटलं, "सर, चॅनल बंद आहे. सार्जंट आगाशेंचा रिपोर्ट." मग हेरन वनला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मारत राहिलो. बाहेर ऊन होतं. धावपट्टीवर थेंबही पडला नव्हता.

चौघं गेली. दोघांचे देह त्याच दिवशी मिळाले, दोघांचे नंतर. पोडियम तरंगत किनाऱ्याला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात आलो आणि बस्ट बोर्डावर तिचं नाव होतं. 'आगाशे. वादळी पाऊस, स्थानिक क्षेत्र. पडला नाही.' अक्षर केटलरचं. मापक कोरडं, म्हणजे अंदाज बस्ट. मी विचारलं, "हे काय आहे?" तो म्हणाला, "रूल इज रूल." खोडसाळपणा नव्हता त्यात. खोडसाळपणा असता तर मी समजू शकलो असतो. त्याच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही! मी बोर्ड भिंतीवरून उपटला, बाहेर नेला आणि कचऱ्याच्या डम्पस्टरमध्ये टाकला. सरकारी मालमत्तेच्या नुकसानीबद्दल मला लेखी ताकीद मिळाली. माझ्या सगळ्या नोकरीतला तो एकच कागद मी जपून ठेवला आहे.

श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात कर्नल बोलले. "निसर्गानं दगा दिला. अशा हवेचा अंदाज कुणाकडेच नव्हता." पहिल्या रांगेत मीराचे आईवडील बसले होते, मिशिगनहून आलेले. आता विचार करा. हवेचा अंदाज नव्हता. आणि अंदाज द्यायचं काम कुणाचं होतं? त्यांच्या मुलीचं. कर्नलनी तिचं नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही, आणि चार जणांच्या मरणाचं ओझं त्या दोघांच्या मांडीवर ठेवून खाली बसले. टाळ्याही झाल्या. ज्या माणसाचा जीव तिच्या शेवटच्या रिपोर्टनं वाचला, तो हा माणूस.

चौकशी संपेपर्यंत कुटुंबीयांशी त्या दिवसाबद्दल बोलायचं नाही असा आम्हाला हुकूम होता. चौकशी लांबली. मी निवृत्त झालो, बॉथेलला आलो, ते श्रीखंडवाले डायरेक्टर भेटले. पुढे अहवाल आला. जाडजूड. इशारा दिलेला होता हे त्यात आहे, मागच्या एका परिशिष्टात. वाचतो कोण? अहवाल खुला झाला त्याच आठवड्यात मी ॲन आर्बरला मीराच्या वडिलांना फोन केला. आगाशे म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तिचा स्मृतिदिन आहे. तेव्हा या."

घर साधं होतं, बसच्या थांब्याजवळ, दाराशी बुटांची रांग. आगाशे युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये नोकरीला होते. वहिनींनी पोहे केले होते. आणि डायनिंग टेबलवर डोनट्सचे खोके रचलेले. चार-पाच खोके. मी बघत राहिलो.

वहिनी म्हणाल्या, "मीराच्या दिवसाला आम्ही शेजारीपाजारी वाटतो. तिला आवडायचं ना. फोनवर सांगायची, आई, आज सगळ्यांना डोनट्स नेले. उद्या परत नेणार. आम्ही म्हणायचो, पोरगी सगळा पगार यातच घालवणार. मोठ्या मनाची होती."

मी पोहे खाऊ शकलो नाही. आगाशे समोर बसले. त्यांनी वळणं घेतली नाहीत. म्हणाले, "जोग, एकच विचारायचंय. तिचं चुकलं होतं का? त्या तिघांच्या घरच्यांना आम्ही पत्र लिहायला बसतो आणि लिहिता येत नाही. काय लिहिणार? आमच्या मुलीमुळे?"

"नाही," मी म्हटलं. "तिचं बरोबर होतं. अकरा म्हणाली होती. अकरानंतर जाऊ नका म्हणाली होती. दोनदा सांगितलं. माझी सही आहे." मी परिशिष्टाची प्रत टेबलावर ठेवली. मग बलूनपासून सगळं सांगितलं. केक सांगितला. सूर्य सांगितला. शेवटचा रिपोर्ट शब्दन् शब्द सांगितला. आगाशेंनी चष्मा काढला आणि हातात धरून बसले. आणि ब्रीफिंगमधला हशा सांगायचा म्हणून मला डोनट्सचंही सांगावं लागलं. ते मोठ्या मनाचे नव्हते, दंडाचे होते.

वहिनींनी खोक्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ज्याचा अंदाज चुकेल त्यानं आणायचे."

"हो."

"मग त्या दिवशीचे कुणी आणायला हवे होते?"

"कर्नलनी."

"आणले त्यांनी?"

"नाही."

त्या उठल्या. खोके एकावर एक ठेवले, गराजचं दार उघडलं आणि सगळे कचऱ्याच्या डब्यात टाकून आल्या. हात धुतले, पदराला पुसले. आगाशे म्हणाले, "अगं, लोक वाट बघत असतील."

"बघू देत," वहिनी म्हणाल्या. "तिचं चुकलं नव्हतं. आपण का आणायचे?"

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी तीन पत्रं लिहिली. नावं आगाशेंनी मला विचारून नीट लिहून घेतली, तुमच्यासाठी इथेही लिहितो. कॅप्टन हॉलिस. लेफ्टनंट ब्रूक. सार्जंट ओकाम्पो. आणि पत्राखाली सही करणाऱ्यांची मुलगी, स्टाफ सार्जंट मीरा आगाशे. इशारा दिलेला होता.